रेंज आहे, नेट नाही

सातपुड्यात धडगावच्या पुढे, आतल्या पाड्यांवर फोन लावायचा तर टेकडी गाठावी लागते, हे नंदुरबार जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रेशन दुकानदार पॉस मशीन घेऊन चढतो, आशाताई नोंदी पाठवायला चढते, ई-केवायसीसाठी बाया लेकरं कडेवर घेऊन चढतात. वर पोचल्यावर मात्र पुष्कळदा वेगळंच नाटक सुरू होतं. पडद्यावर दांड्या भरलेल्या दिसतात, पण ओटीपी येत नाही, फोटो जात नाही, गोल चाक फिरत राहतं. खाली रेंज नव्हती. वर रेंज आहे, नेट नाही.

या दुसऱ्या अवस्थेबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मागणी नेहमी एकच असते: टॉवर पाहिजे. ती खोटी नाही; दऱ्याखोऱ्यांत कित्येक ठिकाणी खरोखरच लहर पोचत नाही. पण भरलेल्या दांड्यांखाली अडकलेल्या ओटीपीचं दुखणं निराळं आहे, आणि नीट विचार न करता आणखी एक टॉवर ठोकला तर ते वाढूही शकतं. व्यत्यय कमी करण्याचं शास्त्र इथून सुरू होतं. पुढच्या प्रकरणांत त्याचं गणित येईलच. ते कशासाठी लागतं, एवढं सांगण्याचं काम या प्रस्तावनेचं.

दांड्या फक्त जोर दाखवतात. फोनपर्यंत आलेली लहर किती ताकदीची आहे, इतकंच त्यांना कळतं. त्या लहरीतला निरोप वाचता येतो की नाही, ते कळत नाही. टेकडीच्या माथ्यावर फोनला कुठलाच आडोसा नसतो. त्याला जवळच्या बाजारगावचा टॉवर ऐकू येतो, शहादा-तळोद्याच्या सपाटीवरचा ऐकू येतो, दोन डोंगर पलीकडचाही येतो, आणि सगळे जवळपास सारख्याच जोराने. फोरजीत एका कंपनीचे शेजारशेजारचे टॉवर बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात. त्यांतल्या एकाचं बोलणं या फोनच्या कामाचं, बाकीच्यांचं निव्वळ गोंगाट. एकही टॉवर इतरांपेक्षा ठळक नसेल तर फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि बॅटरी संपवतो.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिलं, की एखाद्या मार्गावरून सेकंदाला किती माहिती धाडता येईल हे दोनच गोष्टींवर ठरतं: फ्रिक्वेन्सीचा पट्टा किती रुंद आहे, आणि निरोपाची ताकद गोंगाटाच्या किती पट आहे. दुसऱ्या अटीत सगळी मेख आहे. सगळ्याच टॉवरांनी ताकद दुप्पट केली, तर निरोप दुप्पट होतो आणि शेजाऱ्याचा गोंगाटही दुप्पट होतो. गुणोत्तर जागच्या जागी. ओरडून हा प्रश्न सुटत नाही, ही गोष्ट गणिताने सांगून पंचाहत्तर वर्षं उलटली. दुकानात 'बूस्टर' मागणाऱ्या गिऱ्हाइकापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

या बूस्टरांबद्दल थोडं सांगायला हवं. छतावर एक अँटेना, घरात दुसरी, मधे एक डबी. ही डबी निरोप आणि गोंगाट यांत फरक करत नाही, येईल ते मोठं करते. दोन अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या तर ती स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा वाढवत बसते, आणि त्या किंचाळ्या टॉवरच्या कानात जातात. मग त्या टॉवरला परिसरातल्या इतर कुणाचाच फोन नीट ऐकू येत नाही. एका घरातला बूस्टर शेजारच्या गल्लीचं नेट घालवतो तो असा. परवान्याशिवाय असं यंत्र बसवणं देशात बेकायदा आहे, पण विकणारे विकतात आणि गरजू घेतात. त्यांना दोष तरी कुठवर द्यायचा?

मग उपाय काय? वाटणी. आणि वाटणीची कला खानदेशाला नवी नाही. पांझरेकाठच्या जुन्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालचं भिजणारं रान फडांमध्ये वाटलेलं असे, एका फडात त्या हंगामाला एकच पीक, आणि पाटकरी ज्याची पाळी त्याच्याच वावरात पाणी सोडणार. फोरजीच्या टॉवरमध्ये असाच एक पाटकरी बसलेला असतो. फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचे बारीक बारीक वाफे पाडून तो दर एक हजारांश सेकंदाला ठरवतो, की कुठला वाफा कुठल्या फोनला द्यायचा. एका टॉवरखालचे फोन त्यामुळे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. भांडण लागतं ते दोन पाटकऱ्यांच्या शिवेवर. जीएसएमच्या काळात शेजारच्या टॉवरांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी देऊन हे भांडण टाळलं जाई. त्यात शांतता होती, पण मोठा पट्टा वाया जाई. फोरजीने सगळा पट्टा सगळ्यांना खुला केला आणि शिवेवरची कटकट पदरात घेतली. आता शेजारचे टॉवर आपसात निरोप पाठवून ठरवतात, की अमुक वाफ्यात तू जरा दमाने घे, माझं कडेचं गिऱ्हाईक तिथे आहे.

नंदुरबारच्या बाबतीत शीव हा शब्द अगदी नकाशावरचा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा एका अंगाने गुजरातला आणि दुसऱ्या अंगाने मध्य प्रदेशाला भिडतो. दूरसंचाराच्या हिशेबात ही तीन वेगळी मंडळं. स्पेक्ट्रमचा लिलाव मंडळनिहाय होतो, त्यामुळे एखादी फ्रिक्वेन्सी महाराष्ट्रात एका कंपनीकडे आणि गुजरातेत दुसरीकडे असू शकते. लहरींना सीमाशुल्क नाका नसतो. सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन तर दोन राज्यांत विभागलेलं आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिथे बाकड्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकणाऱ्या प्रवाशाला राज्य बदलल्याचं भान नसतं, आणि खिशातल्या फोनला कुठल्या मंडळाचा टॉवर धरावा हे ठरत नाही. अशा ठिकाणी अँटेनाची दिशा आणि ताकद शेजाऱ्याशी बोलूनच ठरवावी लागते.

फाइव्हजीने या शिवेवर आणखी एक पेच आणला. तिच्या मुख्य पट्ट्यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने बोलतात. एका टॉवरची बोलण्याची वेळ आणि शेजारच्या टॉवरची ऐकण्याची वेळ एकत्र आली, तर दूरच्या फोनचा क्षीण आवाज त्या दणक्यात बुडतो. म्हणून सगळ्या टॉवरांची घड्याळं उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेली असतात, आणि दोन टॉवरांमधला फरक एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी तिनांपेक्षा जास्त चालत नाही.

आता पुन्हा डोंगराकडे. अस्तंभ्याच्या किंवा तोरणमाळच्या परिसरात ज्या सोंडेमुळे लहर अडते, तीच सोंड पलीकडच्या खोऱ्यातला गोंगाटही अडवते. म्हणजे एका खोऱ्यात वापरलेली फ्रिक्वेन्सी शेजारच्या खोऱ्यात पुन्हा बिनघोर वापरता येते. सपाटीवरच्या शहरात इंजिनिअरांना जे मोठ्या कष्टाने साधावं लागतं, ते सातपुड्याने फुकट दिलेलं आहे. टॉवर सर्वांत उंच माथ्यावर बांधायचा हट्ट या देणगीवर पाणी सोडतो. माथ्यावरचा टॉवर पायथ्याच्या पाड्याच्या डोक्यावरून थेट तीसेक किलोमीटरवरच्या सपाटीशी बोलतो. पाडा कोरडा आणि सपाटीवर गोंगाट. उपाय अनेकदा साधा असतो: अँटेना काही अंशांनी खाली झुकवायची. या झुकावाला खर्च फारसा नाही, फक्त वर चढून मोजमाप करणारा माणूस लागतो. खोऱ्याखोऱ्यांत कमी ताकदीचे छोटे टॉवर हा त्याहून चांगला मार्ग. तो महाग आहे, आणि विरळ वस्तीत कंपन्यांना परवडत नाही, हेही तितकंच खरं.

गोंगाटाशी झुंज कशी घ्यावी याचा महाराष्ट्रातला सर्वोत्तम धडा मोबाइलवाल्यांकडे नाही, खगोलशास्त्रज्ञांकडे आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात पसरलेल्या आहेत. तिथे ऐकल्या जाणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत तेजस्वी रेडिओ स्रोतांमध्ये मोडेल. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा सिग्नल याच दुर्बिणीने टिपला होता. आणि अशा दुर्बिणीच्या आजूबाजूला ऊस आहे, द्राक्षबागा आहेत, विजेचे खांब आहेत, मोबाइल टॉवर आहेत. गोंगाटाला तोटा नाही.

विजेच्या तारांचंच पाहा. इन्सुलेटर सैल झाला, जोड गंजला, की तिथे बारीक ठिणगी पडत राहते. ५० हर्ट्झच्या विजेत दाब सेकंदाला शंभरदा शिखर गाठतो, म्हणून या ठिणग्या साधारण दर दहा मिलिसेकंदांनी येतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे रुंद पट्टाभर पसरलेला रेडिओ तडाखा. त्यावरचा पहिला इलाज हातात अँटेना घेऊन तो खांब शोधण्याचा आणि वीज मंडळाकडून जोड दुरुस्त करून घेण्याचा. दुसरा इलाज दुर्बिणीच्या अद्ययावतीकरणात बसवला गेला. प्रत्येक तबकडीच्या लहरीचे सेकंदाला ८० कोटी नमुने घेतले जातात, आणि त्याच क्षणी चिपवर त्यांची छाननी होते. छाननीचा निकष सरासरीचा नसतो, मध्यकाचा असतो. कारण सोपं आहे: शंभर नमुन्यांत दोन राक्षसी ठिणग्या घुसल्या तर सरासरी भरकटते, मध्यक जवळजवळ हलत नाही. मध्यकापासून फार दूर गेलेला नमुना ठिणगी म्हणून ओळखायचा आणि काढून टाकायचा. तारेवरचा बिघाड तारेवर राहतो, पण नोंदीत येत नाही.

हीच छाननी फोनच्या आतही निरनिराळ्या वेशांत चाललेली असते. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतो, ७९ वाहिन्यांमधून उड्या मारत; २००३ पासून तर वाय-फायने अडवलेल्या वाहिन्या ओळखून तो त्या टाळतो. उड्या मारण्याच्या या कल्पनेचं एक पेटंट १९४२ साली हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या नावावर नोंदलं गेलं, पाणतीर शत्रूला भरकटवता येऊ नये म्हणून. मोठी झेप मात्र दिशेच्या वाटणीची. वेळ आणि फ्रिक्वेन्सी वाटून संपली तरी दिशा उरतेच. एकाऐवजी अनेक अँटेना लावल्या, तर प्रत्येकीवर लहर किंचित वेगळ्या क्षणी पोचते. त्या फरकावरून एकाच फ्रिक्वेन्सीवरचे अनेक निरोप निरनिराळे सोडवता येतात. आज सगळ्या फोरजी-फाइव्हजी फोनांत असलेल्या या तंत्राचे जनक आरोग्यस्वामी पॉलराज. ते भारतीय नौदलातले. खडकवासल्याच्या एनडीएत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. नौदलासाठी पाण्याखालचे आवाज वेगळे काढणारी सोनार यंत्रणा त्यांनी घडवली, आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये तीच नजर रेडिओकडे वळवली. २०१४ मध्ये त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं. समुद्रात पाणबुडी हुडकण्याची विद्या सातपुड्यातल्या फोनच्या कामी येते, हा प्रवास इथल्या कॉलेजांतल्या पोरांना आवर्जून सांगावा असा आहे.

नंदुरबारला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रयोग पालघरचा. तोही डोंगराळ, आदिवासी पाड्यांचा मुलूख. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या चमूने टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांकडे लक्ष वेधलं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. देशभरात जवळपास सगळीकडे त्यांतल्या किमान १२ रिकाम्या असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीची लहर झाडाझुडपांतून आणि टेकडीच्या कडेवरून बऱ्यापैकी वळसा घेते, आणि त्या पट्ट्यात तिला त्रास देणारं फारसं कुणी नसतं. पालघरमधल्या गावांत हे जोडून दाखवणाऱ्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. गर्दीतून वाट काढत बसण्यापेक्षा रिकामी वाट शोधणं केव्हाही स्वस्त. हा पट्टा गावांसाठी सरसकट खुला व्हायला हवा होता, असं हे पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही वाटेल.

आणखी एक वाट अगदी डोळ्यांसमोर आहे: उजेड. दृश्य प्रकाशातून बोलण्याची कल्पना जुनी. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये चार्ल्स टेंटर यांच्यासोबत सूर्यकिरणावरून आवाज धाडला होता, दोनशेहून अधिक मीटर. त्यांना नसलेलं साधन आता घरोघर लटकतंय. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. एलईडी डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करता येतो, आणि त्या लुकलुकण्यात निरोप भरता येतो. एडिनबराचे हॅराल्ड हास यांनी २०११ मध्ये हे जाहीर व्यासपीठावर करून दाखवलं आणि लाय-फाय हे नाव रूढ झालं.

प्रकाशाचं मोठं वैगुण्य म्हणजे तो भिंतीतून जात नाही. व्यत्ययाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठेपणा. आश्रमशाळेच्या एका वर्गातला दिवा शेजारच्या वर्गातल्या दिव्याला त्रास देऊच शकत नाही. प्रत्येक खोली हे आपोआप स्वतंत्र खोरं. खोलीच्या आत मात्र त्याचे त्याचे शत्रू आहेत. ट्यूबलाइट आणि स्वस्त दिवे विजेच्या तालावर सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात, खोडदच्या ठिणग्यांचाच ताल. हा संथ भाग गाळणीने सहज वेगळा काढता येतो. खिडकीतलं ऊन अधिक चिवट. ते लुकलुकत नाही, पण प्रकाश टिपणाऱ्या डायोडला इतकं भरून टाकतं, की दिव्याची बारीक थरथर त्याला जाणवेनाशी होते. पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवलेला असतो आणि तो सावकाश विझतो. म्हणून डायोडपुढे निळी काच लावतात. तिने फॉस्फरचा आळसही गळतो आणि उन्हाचा बराच भागही. वर्गात दोन दिवे असतील तर मधल्या बाकावर दोघांचा उजेड मिसळतो. तिथे पाळी लावायची, की दोन्ही दिव्यांतून एकच निरोप धाडायचा, की वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेले दोन-तीन डायोड ठेवून त्यांतला बरा निवडायचा, यावर जगभर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. एक खुलासा मात्र करायलाच हवा: २०२३ मध्ये मंजूर झालेलं आयईईईचं ८०२.११बीबी हे मानक डोळ्यांना न दिसणाऱ्या ८०० ते १००० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचं आहे, आणि बाजारातल्या नेहमीच्या फोनांत त्याची सोय अजून नाही. दिव्याखाली बसून यूट्यूब लावण्याची जाहिरात कुणी केली, तर खिशात हात घालण्याआधी हे आठवावं.

प्रकाशाचा तातडीचा उपयोग वर्गात कमी आणि डोंगरात जास्त दिसतो. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा आहे, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे काठच्या गावांना बोटीशिवाय गत्यंतर नाही. राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र असलेलं मणिबेली तिथलंच. निवडणुकीचं साहित्य आणि कर्मचारी बोटीने जातात. अशा पाण्यावरून केबल टाकणं खर्चाचं आणि रेडिओ दुवा टाकला तर पुन्हा परवाना, पुन्हा शेजारी. गूगलच्या मूळ कंपनीतून निघालेल्या तारा प्रकल्पाने आफ्रिकेत कांगो नदीवरून ब्राझाव्हिल आणि किन्शासा या दोन राजधान्यांमध्ये ४.८ किलोमीटरचा प्रकाशाचा दुवा उभा केला. दोन्ही काठांवर पेटीएवढी यंत्रं, मधे बोटभर जाडीचा अदृश्य किरण. २०२१ मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार वीस दिवसांत त्यातून सुमारे ७०० टेराबाइट माहिती गेली. किरण इतका अरुंद, की शेजारून दुसरा गेला तरी दोघांची गाठ पडत नाही. म्हणून त्याला स्पेक्ट्रमच्या वाटणीत बसवावंच लागत नाही.

सातपुड्यातला पावसाळा या किरणाची खरी परीक्षा घेईल. तोरणमाळवर जुलै-ऑगस्टात ढग जमिनीला टेकतात, आणि धुक्याचे थेंब काही मायक्रॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापाचे असल्याने किरण विखरून टाकतात. ७०-८० गिगाहर्ट्झच्या रेडिओ दुव्याला धुकं जवळजवळ जाणवत नाही. त्याला मारतात ते मुसळधार पावसाचे मिलिमीटरभर थेंब, जे प्रकाशाच्या किरणाला त्या मानाने कमी नडतात. दाट धुकं आणि धो धो पाऊस एकाच वेळी क्वचित येतात. म्हणून एकाच खांबावर दोन्ही यंत्रं बसवून, ज्याची हवा असेल त्याच्याकडे वाहतूक वळवणारे जोडदुवे इंजिनिअर सुचवतात. नर्मदेच्या काठासाठी असा दुवा आखायचा तर आधी तिथलं धुकं आणि पाऊस मोजून ठेवावे लागतील, आणि ते काम टॉवरच्या आधीचं आहे.